सहदेव चिंदरकरांच्या रक्तातलं 'जाऊ दे'

घाटकोपरच्या पंतनगरात सागरदीप नावाची बिल्डिंग आहे. सागर तिथून दिसत नाही, आणि दीप म्हणावा तर जिन्यातला एकच, तोही अर्धा वेळ गेलेला. पण नाव ठेवणारे मालवणकडचे, त्यांच्या नादाला कोण लागणार? या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर सहदेव चिंदरकर राहतात. या नावाने त्यांना पोस्टमन सोडला तर कोणी ओळखत नाही. लहानथोर सगळे त्यांना जाऊंदेकाका म्हणतात.

का म्हणतात, ते एक दिवस त्या जिन्यात उभे राहिलात तर कळेल. वरच्या मजल्यावर कुंड्यांना घातलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं. खालून आवाज चढतो, वरून जवाब येतो, आणि दोघी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचणार एवढ्यात मधल्या मजल्यावरून काका बनियनवर बाहेर येतात. "जाऊ दे गं. पाणीच आहे, वाळेल. जाऊ दे." आणि खरंच, भांडण तिथेच बसतं. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी जन्म काढला. तिथे युनियनलाही हेच सांगितलं आणि साहेबांनाही हेच. निवृत्तीच्या दिवशी दोन्ही पार्ट्या रडल्या म्हणतात.

बायको प्रेमाकाकू नेमक्या उलट्या. त्यांना भांडण चहासारखं दिवसातून दोनदा लागतं. मुलगा सर्वेश पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात दोघंच, आणि त्यातला एक भांडत नाही! "भिंतीवांगडा संसार केलंय मी," म्हणजे भिंतीबरोबर, असं त्या येईल त्या पाहुण्याला सांगत. "भिंत तरी कधी कोसाळता!" काका यावर काय म्हणत असतील ते सांगायला नकोच.

पण या माणसाचा आवाज ऐकावा तो सव्वीस जानेवारीला. त्या दिवशी बिल्डिंगीची सत्यनारायणाची पूजा असते, आणि पूजेनंतर काका गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने देवापुढे उभं राहून मोठ्या आवाजात मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून जोर द्यायचा. काका एकेका घराचं नाव घेतात. कोणाच्या पोराला नोकरी, कोणाच्या सुनेच्या पोटी बाळ, कोणाच्या गुडघ्याला उतार. फक्त एका घराचं नाव त्यात कधी येत नाही, ते त्यांच्या स्वतःच्या घराचं. मागणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम.

तर अशा माणसाचं पोट दुखायला लागलं. आता जो माणूस दुसऱ्याच्या भांडणालाही जाऊ दे म्हणतो, तो स्वतःच्या पोटाला काय म्हणणार? गॅस असेल, जाऊ दे. वजन उतरलं, उन्हाळा आहे, जाऊ दे. शेवटी गणपती आटोपल्यावर प्रेमाकाकूंनी त्यांना दंडाला धरून मेट्रोत घातलं आणि अंधेरीच्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वेळेत आलात, ऑपरेशन करू, नंतर काही महिने औषधं, असं डॉक्टर म्हणाले. काकू भर ओपीडीत कॅन्सरला शिव्या घालायला लागल्या. काका म्हणाले, "अगो, हळू. लोक बघतंत."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर माधुरी इंगळे नावाच्या एक बाई त्यांच्याकडे आल्या. तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. पोटाच्या आणि आतड्यांच्या कॅन्सरवाल्या लोकांच्या रक्तावर त्यांचा अभ्यास चालला होता. म्हणाल्या, "काका, थोडं रक्त आत्ता देता का? आणि उपचार संपल्यावर पुन्हा थोडं. तुमची मर्जी असेल तरच हं."

"घ्या की. रक्तच आहे, पुन्हा होईल. जाऊ दे."

सही झाली, हाताला पट्टा आवळला. सिस्टर शीर शोधत होत्या तेवढ्यात काकांनी विचारलं, या रक्तात बघता तरी काय?

डॉक्टरबाई खूश झाल्या. आपल्या कामाचं कोणी विचारलं की कोण खूश होत नाही? त्यांनी सांगितलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. त्यातल्या काहींचं काम लढायचं. पण काही पेशी अशा असतात की त्यांचं काम लढाई आवरायचं. त्यांना नियामक पेशी म्हणतात. फौज फार चवताळली की या मध्ये पडतात आणि शांत करतात. या आजारात पुष्कळ लोकांच्या रक्तात त्या जास्त सापडतात. मग फौज गाठीवर हवी तशी तुटून पडत नाही."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे फौज लढायला निघाली, की ह्या जाऊ दे जाऊ दे म्हणतात?"

"बघा, किती छान सांगितलंत!" डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच."

पुढेही त्या बोलल्या. या पेशी वाईट नसतात, हा अजून अभ्यास आहे, उपचार नव्हे, असं बरंच काही. पण काकांनी ऐकलंच नाही. ते नळीत चढणारं आपलं रक्त बघत बसले. इतकी वर्षं जिन्यात उभं राहून आपण जे बोललो, तेच आत रक्तातही बोललं जातंय आणि त्याच्यावर तो कॅन्सर पोसतोय, हे त्यांच्या मनात जे घुसलं ते घुसलंच. शहाण्या माणसाच्या डोक्यात वेडी गोष्ट शिरली की बाहेर काढायला चिमटा मिळत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आले. मग सलाईनमधून औषध आणि मध्ये गोळ्या, असं सुरू झालं. औषधाने थंड काही लागलं की बोटांना मुंग्या येत; फ्रिजचं दार उघडायलाही काकू धावत. अन्नावर वासना नव्हती. पेज दोन घोट, की ताट सरकवलं. काकूंनी सोलकढी केली, माशाचं तिखलं केलं, शेजारणीकडून घावणे आणले. काका बघायचे आणि तोंड फिरवायचे. त्या बाईने त्या दिवसांत स्वयंपाकघरात किती वेळा डोळे पुसले, ते तिच्या कढईलाच ठाऊक.

एका संध्याकाळी काका उशीवर टेकून बसले आणि म्हणाले, "प्रेमा, माका भांडूचा असा."

काकूंना वाटलं, ताप चढला. हात लावून बघितला. ताप नव्हता. मग काकांनी रक्तातली सगळी हकिकत सांगितली. "मी असोच गप ऱ्हवलंय तर तो कॅन्सर जिंकतलो. माका बदलूक होया."

"तुमका भांडूक येता तरी काय?" काकूंनी विचारलं. पण त्यांचे डोळे चमकले, हे खोटं कशाला बोला?

भांडायला माणूस समोरच होता. मधुकर जगदाळे, समोरच्या दाराचा, सातारकडचा, काकांचा जुना दोस्त. त्याची एक स्कूटर जिन्याच्या तोंडाशी अकरा वर्षं उभी आहे. ती चालत नाही, हलत नाही, आणि तो विकतही नाही. सगळी बिल्डिंग तिला वळसा घालून जाते, कारण पहिल्याच वर्षी काका म्हणाले होते, जाऊ दे.

काका जिन्यात खुर्ची टाकून बसले, कारण फार वेळ उभं राहवत नव्हतं. मधुकर कामावरून आला. काकांनी दम घेतला आणि ओरडले, "मधुकर! ही तुझी स्कूटर... ही स्कूटर... बरी दिसत नाही!"

मधुकर थांबला. "हो रे, पुसायला पाहिजे," म्हणाला आणि घरात गेला.

दाराआड काकूंनी कपाळावर हात मारला. "ह्येका भांडान म्हणतंत? अहो, आवाज पोटातून... नको नको, पोटाक टाके असत, गळ्यातून काढा! आणि पयल्याच वाक्यात 'तू' खंय गेला? तू असो, तू तसो, असा होया. बापूस मात्र काढूचो नाय. तो शेवटाक."

दुसऱ्या दिवशी जरा जमलं. तिसऱ्या दिवशी मधुकरनेही आवाज चढवला. आणि मग काय विचारता! रोज संध्याकाळी दिवेलागणीला दुसऱ्या मजल्यावर सामना. "अकरा वर्षं आमची वाट अडवलीस!" "तुझ्या बापाचा जिना आहे काय?" बापूस निघाला तो मधुकरकडून निघाला, पण निघाला. वरच्या-खालच्या बायका कुंड्या आणि चादरी सोडून कठड्याला येऊन उभ्या राहत. भांडण संपलं की काका घामाघूम होऊन आत येत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "प्रेमा, वाढ." आणि भाकरी संपवत. कधी कधी दीड.

आता यात एक गोची झाली. जाऊंदेकाकाच भांडायला लागल्यावर बिल्डिंगीत जाऊ दे म्हणणारं कोणी उरलं नाही. चादरीचं एक भांडण आठवडाभर चाललं. पार्किंगवरून दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि जानेवारी उजाडल्यावर पूजेचीच वाट लागली. पूजेचा चौरंग आणि शिऱ्याचा मोठा टोप मधुकरच्या माळ्यावर असतो. मधुकरने सगळ्यांदेखत सांगितलं, "चिंदरकर माझ्या दारात येऊन माफी मागत नाही तोवर टोप खाली येणार नाही." मग काहीजण मधुकरच्या बाजूचे, काहीजण काकांच्या. कोणीतरी म्हणालं, दोन पूजा करू. घ्या! एका बिल्डिंगीत दोन सत्यनारायण! देवाला तरी कळायला नको का, कुठल्या मजल्यावर जायचं ते?

काका हटले नाहीत. माफी मागितली तर रक्त पुन्हा पहिल्यासारखं होईल, ही भीती. गाऱ्हाण्याशिवाय सव्वीस जानेवारी जाणार म्हणून जीव तुटत होता, पण जीव वाचवायचा होता ना.

पूजेला थोडेच दिवस उरले असताना अंधेरीला बोलावणं आलं. औषधं संपली होती, सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या होत्या, दुसऱ्यांदा रक्तही देऊन झालं होतं. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि सांगितलं, "पोटात आता काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी येत राहायचं, चुकवायचं नाही. पण आज पेढे वाटायला हरकत नाही." काकू रडल्या, आणि रडता रडता त्यांनी डॉक्टरांना दिवसभर उपाशी राहता का म्हणून झापलं. काका थेट डॉक्टर माधुरींच्या खोलीत गेले, काकू डोळे पुसत मागोमाग.

"मॅडम, ते जाऊ देवाले?"

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "ऑपरेशनच्या आधी होते त्यापेक्षा आता कमी दिसतायत."

काकांनी टेबलावर थाप मारली. "भांडलो ना मी!"

"कोणाशी?"

मग सगळं रामायण झालं. स्कूटर, बापूस, टोप, दोन सत्यनारायण. डॉक्टरबाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मात्र त्या खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"काका, चूक माझी. तुम्ही जाऊ दे म्हणालात आणि मी अगदी तसंच म्हणून बसले. अहो, स्वभावाचा आणि या पेशींचा असा काही संबंध नाही. गाठ निघाली, औषधं झाली, त्याने कमी झाल्या असतील. नक्की का, ते आम्हालाही अजून सांगता येत नाही. शेकडो लोकांचं रक्त बघू तेव्हा काहीतरी कळेल; एकट्या तुमच्या आकड्यावरून मी काहीच म्हणणार नाही. आणि त्या पेशी हव्यातच. त्या मुळीच नसत्या, तर तुमची फौज तुमच्याच आतड्यांवर, सांध्यांवर, कातडीवर धावून गेली असती. जाऊ दे म्हणणारं घरात कोणीतरी लागतंच, काका. फक्त चोर शिरला तर त्याला जाऊ दे म्हणायचं नाही, एवढंच."

काकांनी टेबलावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"एक मात्र मला कळत नाही," बाई कागद चाळत म्हणाल्या. "या औषधांवर माणसं वाळतात. तुमचं वजन वाढलंय. हे कसं केलंत?"

"भांडल्यावर भूक लागायची हो."

प्रेमाकाकू यावर काही बोलल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. आता प्रेमा चिंदरकर काही बोलत नाही म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, हे नवऱ्याने ओळखायला हवं होतं. पण काका आपल्याच विचारात. मेट्रोत बसल्यावर हळूच म्हणाले, "बरा झालंय, पण फुकट भांडलंय गो. चांगल्या दोस्ताकडसून आपलो बापूस काढून घेतलंय."

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. समोरचं दार वाजवलं. मधुकरने उघडलं.

"मधुकर, माफ कर रे. माझं चुकलं. पोट साफ आहे म्हणाले डॉक्टर. टोप दे." एवढं बोलून ते थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे पुढचं वाक्य बोलले. "पण स्कूटर हलव. वाट अडते. यावर जाऊ दे म्हणणार नाही."

मधुकर दारातच खाली बसला. एवढा आडवातिडवा माणूस, पण तोंड ओंजळीत धरून रडायला लागला. काकांना कळेना. रडताना तो हसतही होता.

"आरं येड्या, पोट साफ म्हणाले? खरंच म्हणाले?" त्याने डोळे पुसले आणि काकांच्या मागे बघितलं. "वहिनी, आता सांगू का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"त्या पहिल्या दिवशी तू म्हणालास, स्कूटर बरी दिसत नाही. मला वाटलं, औषधाने डोकं हललं ह्याचं. दुसऱ्या दिवशी रात्री वहिनी आली माझ्याकडे. म्हणाली, भावजी, ते भांडले आणि आज पहिल्यांदा अर्धी भाकरी खाल्ली. तुम्ही उद्या उलट बोला. जोरात बोला. मी म्हटलं, वहिनी, आजारी माणसावर मी ओरडू? ती म्हणाली, ओरडा, नाहीतर ते उपाशी मरतील." मधुकरने नाक पुसलं. "रोज संध्याकाळी कामावरून येताना पाय जड व्हायचे रे. आज ह्याला काय बोलू, कुठली शिवी बेतात बसेल, ह्याचा विचार करत यायचो. आणि टोप अडवला तो कशाला? औषधं संपत आली, तुझं भांडण नरम पडायला लागलं. काहीतरी मोठं काढायला नको?"

काका वळून बायकोकडे बघायला लागले. साऱ्या संसारात जे कधी झालं नव्हतं ते झालं. काकूंना उत्तर सुचेना. "मेल्यांनो, असे काय बघतास?" एवढंच कसंबसं म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत पळाल्या.

सव्वीस जानेवारीला एकच पूजा झाली. स्कूटर चौघांनी उचलून कंपाऊंडच्या कोपऱ्यात नेली. काकांनी हात पुढे केला तर मधुकरने तो झटकला, टाक्यांचा माणूस तू, बाजूला हो. पार्किंगवाले दोघे भाऊ शिऱ्याच्या टोपाला दोन बाजूंनी धरून आले. टोप जड, न बोलून करतात काय?

आरती झाली. काका चौरंगापुढे उभे राहिले, आवाज जरा बारीक, पण तोच. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घराघराची नावं झाली. नोकऱ्या, बाळं, गुडघे, सगळं मागून झालं. काकांनी हात जोडले आणि मागे सरकले, तसा मधुकर पुढे झाला. घाटावरचा गडी, गाऱ्हाणं काय असतं ते त्याला ऐकूनच माहीत.

"बा द्येवा म्हाराजा, मला ह्यांच्यावानी बोलता येत न्हाई."

"व्हय म्हाराजा!" सगळे हसले.

"ह्या बिल्डिंगीत समद्यांसाठी मागनारा मानूस ह्यो एकच हाय."

"व्हय म्हाराजा!"

"आन त्याच्यासाठी आजवर कुनीबी काय मागितलं न्हाई."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांच्या तोंडून गेलं, आणि मग आपण कशाला हो म्हणालो ते एकेकाला कळलं.

"म्हनून आज म्या मागतोय. ह्याचं पोट बरं ऱ्हाऊ दे. ह्याच्या रगतातलं शिपाई जागं ऱ्हाऊ दे, आन त्यांना आवरनारंबी जागं ऱ्हाऊ दे. आन माझ्यासंगं भांडायला, ह्याच्या नातवाचं लगीन हुस्तवर, ह्याला हितंच ठिव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असा आवाज सागरदीपमध्ये त्याआधी कधी निघाला नव्हता. त्यात सगळ्यात मोठा आवाज प्रेमाकाकूंचा होता, अजून मुलाचंच लग्न व्हायचंय हे विसरून. काका लहान पोरासारखे रडले. कोणी म्हणालं नाही की जाऊ दे. त्यांना पोटभर रडू दिलं.

मग शिरा वाटला. काकांनी एक घास घेतला, डोळे पुसले आणि खुर्चीतून हाक मारली, "मधुकर! शिऱ्यात तूप कमी घातलंस रे! देवाला फसवतोस काय?"

"तुझ्या बापाने पाठवलं होतं काय तूप?" टोपाजवळून मधुकर ओरडला.

काकूंनी ताटली उचलली आणि नवऱ्याला आणखी शिरा वाढायला निघाल्या.